सांडलेलं दही

कार्तिक लागला की आमच्या सेलूच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. जिनिंगकडे निघालेले टेम्पो इतके शिगोशीग भरलेले असतात की वळणावर फांद्या त्यांना ओरबाडतात आणि काट्याकाट्यावर पांढरे पुंजके अडकून राहतात. माझ्या वर्गातली एक पोरगी परवा म्हणाली, "बाई, बाभूळ म्हातारी झाली." मी हसले. खरं म्हणजे या दिवसांत मला हसू कमीच येतं. शाळेत जाताना ते पुंजके बघायचे नाहीत असं दरवर्षी ठरवते, आणि दरवर्षी एखादा काढून घेऊन बोटांनी चोळत चालते. आतली सरकी बोटाला लागते. मग वालूर आठवतं, आमचं रान आठवतं, आणि बाल्या.

बाल्या म्हणजे बालाजी, माझा धाकटा भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई रानात जायची तेव्हा तो माझ्याच कडेवर असायचा, त्यामुळे 'अक्का' हा शब्द तो 'आई'च्या आधी बोलला. या गोष्टीचा मला फार गर्व होता. आई चिडवायची, "मी निस्ती जन्म दिल्याची धनी. आई तर हीच हाय."

या दिवसांत आमच्या घरात माणसांना जागा नसायची. कापूस विकला जाईपर्यंत पुढच्या खोलीत, पार आढ्याला टेकेपर्यंत भरलेला. त्याला दिवसभराच्या उन्हाचा वास यायचा. उबदार, थोडा खाजरा, आणि त्यात एखादं वाळलेलं पान चुरचुरायचं. आम्ही त्यात उड्या मारायचो आणि आई बाहेरून ओरडायची, "उतरा खाली, कापूस घाण व्हायलाय!" एकदा चार वर्षांचा बाल्या सापडेना. गल्ली पालथी घातली, विहिरीत डोकावून झालं, मी तर रडून रडून बेजार. शेवटी कापसाच्या ढिगातून एक बारका हात वर आला. आत शिरून झोपला होता पठ्ठ्या. मी तो हात धरून त्याला ओढून काढला. केसांत, पापण्यांवर कापूस. म्हणाला, "अक्का, तहान लागली."

तो हात मला पुढे पुन्हा एकदा दिसला. त्याचं सांगतेच.

मोठा झाला तसा बाल्याचा आवाज गावात प्रसिद्ध झाला. सकाळी दहिवर वाळलं की तो बांधावर उभा राहून वेचणीच्या बायांना हाक मारायचा, "चला, चला! ऊन झालं!" ती हाक शेजारच्या तीन रानांत ऐकू जायची. ओल्या बोंडाला हात लावू द्यायचा नाही आणि एकदा वाळलं की दम खाऊ द्यायचा नाही. बाया त्याला 'चलामालक' म्हणायच्या, तोंडावर म्हणायच्या. तोही हसायचा. तोंडात सदा तंबाखूची चिमूट. तो हात दुसऱ्यांदा दिसला त्या वर्षी त्याचं डोकं दुखायचं फार. रुमाल घट्ट बांधायचा कपाळाला आणि म्हणायचा, उन्हानं दुखायलंय. बत्तीस वर्षांच्या माणसाचं डोकं दुखलं तर त्याला उन्हाशिवाय दुसरं कारण असू शकतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. रक्तदाब हा आमच्या लेखी म्हाताऱ्यांचा आजार. आईच्या गोळ्या आणायला तो महिन्याच्या महिन्याला सेलूला यायचा, पण त्याच्या स्वतःच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा कधी लागला नव्हता.

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. त्या साली पाऊस लांबला, म्हणून पहिली वेचणी दिवाळीच्या पुढे गेली. मी भाऊबीजेला वालूरला गेले होते. बाल्याला ओवाळलं. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून त्यानं कमळचा टॉवेल डोक्यावर घेतला, आणि कमळ, म्हणजे त्याची बायको, पदराआड हसत राहिली. तो गोल, सरळ, मिश्कील चेहरा मी निरांजनाच्या उजेडात अगदी जवळून बघितला. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे. चेहरा सरळ असतो याकडे आपण कधी बघतो का?

दुसऱ्या दिवशी सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे रानात पूजा करतात. बांधाला पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, नव्या फुटलेल्या बोंडाच्या कापसाची वात लावायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग घरधन्यानं वाटीतलं दही झाडांवर शिंपडत जायचं. रान पांढरंधोप पिकावं म्हणून. सकाळचे दहा वाजले असतील. वेचणीच्या बाया पदराची ओटी खोवून तयार बसल्या होत्या. बाल्यानं आईच्या हातून दह्याची वाटी घेतली, दोन पावलं टाकली, आणि वाटी त्याच्या हातून निसटली.

"अगं माय! दही सांडलं!" आई ओरडली.

काळ्या मातीवर पांढरं दही पडलं होतं आणि आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत होतो. सीतादहीचं दही सांडणं वाईट. कुणी म्हणालं, वरून हळद टाका. कुणी म्हणालं, दुसरं दही आणल्याबिगर वेचणी लावू नका. आईनं कमळला घरी पिटाळलं. मी स्वतः चिमूटभर हळद घेऊन खाली वाकले. सगळ्यांनी दही बघितलं. वाटी सोडणारा हात कुणी बघितला नाही. बाल्या तेवढा त्याच्याकडे बघत होता. एकटक, अनोळखी माणसाकडे बघावं तसा, आपल्याच उजव्या हाताकडे.

मग तो काहीतरी बोलला. शब्द जड, ओले, एकमेकांत मिसळलेले. एक बाई म्हणाली, "चलामालक, सकाळीच घेतली का काय?" बाया हसल्या. तोही हसला, आणि ते हसू अर्ध्याच तोंडावर आलं.

"वारं गेलं!" आईनं छाती पिटली. "माझ्या लेकरावरून वारं गेलं!"

पुढचं सगळं भराभरा झालं, आणि तेच माझं दुखणं आहे. किती भराभरा केलं आम्ही सगळं! कुणी ढिलाई केली नाही. अर्ध्या तासात भावकीतली जीप बांधावर आली. वारं गेलेल्या माणसाला पुन्हा वारं लागू द्यायचं नसतं, म्हणून त्याला दोन घोंगड्यांत गुंडाळला, कानाला फडकं बांधलं, जीपच्या काचा गच्च लावल्या. पोखर्णीच्याही पुढे एका खेड्यात एक म्हातारा वाऱ्याचं औषध देतो. त्याच्या औषधानं उठून चालायला लागलेल्यांची नावं बांधावर लोक घडाघडा सांगत होते. त्याच्या अटी दोनच. डॉक्टरची सुई टोचलेल्या माणसाला त्याचं औषध लागू पडत नाही. औषध पोटात जाईपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही.

दह्याचं भांडं घेऊन धापा टाकत परत आलेली कमळ एवढंच म्हणाली, "अक्का, ह्यांना दवाखान्यात न्यावं लागतंय. आशाताईनं मिटिंगात सांगितलं होतं. तोंड वाकडं झालं, हात गळाला, की थांबायचं न्हाई म्हणून."

"दवाखान्यात सुई टोचत्यात," आई म्हणाली. "अन् सुई टोचली की औषध वाया. मग जलमभर असाच राहील गं."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्या रानात शिकलेली मीच. मी विज्ञान शिकवते. फळ्यावर मेंदूची आकृती काढते, त्यात रक्तवाहिन्या लाल खडूने दाखवते. "अक्का, तू सांग," आई म्हणाली. "तू म्हणशील तसं."

मी म्हणाले, "आधी औषध घेऊन येऊ. दवाखाना काय पळून जायलाय?"

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो एवढा दाट असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी असं का म्हणाले, याचा मी चार वर्षं विचार करते आहे. औषधावर माझा विश्वास होता असं नाही. पण 'वारं' हा शब्द लहान वाटत होता. वारं येतं आणि जातं. दवाखान्यात गेलं की त्याला मोठं नाव मिळणार, मग ते खरं होणार, आणि बाल्या तर बत्तीस वर्षांचा. मी भ्याले. भ्यालेल्या माणसाला शिक्षण उपयोगी पडत नाही, हे मला शिक्षणानं कधी सांगितलं नाही. कमळनं पुन्हा तोंड उघडलं नाही. दह्याचं भांडं बांधावर ठेवून ती जीपमध्ये नवऱ्याच्या पायाशी बसली.

परभणीत शिरलो तेव्हा बारा वाजत आले होते. बंद काचांमुळे आत घोंगड्यांचा, घामाचा, तंबाखूचा वास कोंडला होता. बाल्याचं डोकं माझ्या मांडीवर. मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर रस्त्यात गर्दी होती, जीप थांबली. तेवढ्यात घोंगडीतून त्याचा डावा हात बाहेर आला. कापसाच्या ढिगातून आला होता, अगदी तसाच. तो हात काचेकडे गेला, बोटं ताणली गेली, काचेवर दोनदा आपटली.

मला वाटलं, तहान लागली. "थोडा दम धर रे," मी म्हणाले, "औषध घेतल्याबिगर पाणी चालत न्हाई." आणि मी तो हात धरून पुन्हा घोंगडीत घातला. वारं लागेल म्हणून घोंगडीची कड त्याच्या अंगाखाली नीट खोचली. हात परत जोर करत होता. मी वरून दाबून धरला. गर्दी सुटली, फाटक मागे गेलं.

पोखर्णीला आईनं नृसिंहाला नवस बोलला, तिथं थोडा वेळ गेला. पुढच्या खेड्यात आमच्या आधी पाच माणसं बसली होती, तिथं बराच गेला. म्हाताऱ्यानं नाकात काहीतरी पिळलं, काळा काढा पाजला, अर्धा गालावरून ओघळला. तो म्हातारा काही लबाड नव्हता. बाल्याच्या डोक्यावर हात ठेवताना त्याचे डोळे पाणावले होते. म्हणाला, "लय तरणा हाय रे हा." आम्ही समाधानानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्याला थुंकीसुद्धा गिळता येईना, तेव्हा कमळनं कुणाला न विचारता जीप बोलावली.

परभणीच्या त्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, बाल्याच्याच वयाचे असतील. रक्तदाब मोजून त्यांनी पुन्हा एकदा मोजला. मेंदूत गुठळी अडकली म्हणाले. "कधी झालं?" मी म्हणाले, काल सकाळी दहा वाजता. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पहिल्या चार-साडेचार तासांत आला असतात, तर गुठळी विरघळवायची सुई देऊन बघता आली असती. प्रत्येकाला लागू पडतेच असं नाही. पण देता आली असती." मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. "कुठून आलात?"

"वालूरहून."

"हं. खेड्यातून यायचं म्हणजे वेळ जातोच," ते म्हणाले.

मी मान डोलावली. काल दोन तासांत तुमच्या फाटकाशी होतो, हे मी सांगितलं नाही. आणि सुई. ज्या सुईला घाबरून आम्ही पळालो, तीच सुई होती ती.

बाल्या वाचला. उजवा पाय ओढत का होईना, चालायला लागला. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी राहिला, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं ते. पण सगळ्या भाषेतला एकच शब्द त्याच्यापाशी उरला, चार वर्षांपूर्वी रोज बांधावरून ओरडायचा तो. भूक लागली की 'चला'. राग आला की 'चला'. आई गेली तेव्हा तिच्या पायाशी बसून कितीतरी वेळ हळूहळू म्हणत होता, 'चला, चला'. कमळला त्यातला प्रत्येक कळतो. सुरावरून ओळखते. मला अजून नीट येत नाही. ज्याला मी बोलायला शिकवलं, त्याची भाषा मला कमळकडून शिकावी लागते. तो मला 'अक्का' म्हणत नाही. ओठ जुळवतो, कपाळावर शीर येते, आणि बाहेर 'चला' येतं. मग आम्ही दोघंही दुसरीकडे बघतो.

मी शाळेत पालकसभा झाली की बायांना थांबवून घेते. सांगते, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं, की वारं-बिरं काही नाही, सरळ दवाखाना. आणि तरण्या माणसालाही होतं हे. मुख्याध्यापक म्हणतात, बाईंचं प्रवचन सुरू झालं. एकदा एका बाईनं विचारलं, "बाई, तुमच्या घरात झालं होतं का कुणाला?" मी म्हणाले, भावाला झालं. सगळं सांगितलं. दही, जीप, औषध. 'दवाखाना काय पळून जायलाय' हे कुणी म्हटलं, तेवढं गाळलं. आणि तो हात मी कुणालाच सांगितलेला नव्हता. चार वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते, त्याला तहान लागली होती. लहानपणीही लागली होती की.

या भाऊबीजेला गेले. आता ओवाळताना निरांजन मी जरा लांबच धरते. या साली पहिली वेचणी आधीच होऊन गेली होती. सीतादही कमळच करते, वाटी तिच्याच हातात असते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रानात गेलो. दहिवर वाळलं. बाल्या बांधावर उभा राहिला आणि त्यानं बायांना हाक मारली, "चला!" तेवढा एक शब्द त्या जागी अगदी बरोबर होता. तीन रानं सोडा, एक रानसुद्धा ओलांडेना, पण बाया लगबगीनं उठल्या.

तो डाव्या हातानं वेचतो. एका हाताचं काम फार किचकट. झाड डुलतं, बोंड हलतं, वाळल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात. दुसऱ्या हातानं धरायचं म्हटलं तर हात नाही. म्हणून तो फांदी छातीशी टेकवून वेचतो. मी शेजारच्या सरीत होते. त्याच्या बोटातून रक्त आलेलं मी बघितलं, माझ्या पदरानं पुसलं, आणि तो डावा हात माझ्या हातात असताना माझ्या तोंडून गेलं.

"बाल्या, त्या दिवशी जीपमधी तू हात बाहेर काढला होतास. आठवतंय?"

त्यानं मान डोलावली.

"तहान लागली होती ना तुला?"

मी किती आशेनं विचारलं ते माझं मला ठाऊक. त्यानं मान हलवली. नाही.

"मग?"

त्यानं हात माझ्या हातातून सोडवून घेतला. बोटं ताणून समोर धरली, जशी काचेवर ताणली होती. हवेत दोनदा आपटली. "चला," म्हणाला. हा सूर मला कमळला विचारावा लागला नाही. त्याला कळलं होतं कुठं आलो आहोत. आम्हा सगळ्यांत, त्या बंद काचांच्या जीपमध्ये, एकट्या त्यालाच कळलं होतं, आणि त्याचा एकच हात शिल्लक होता, तो मी दाबून धरला होता.

मी सरीतच खाली बसले. कापसाच्या झाडांत माझं रडणं बायांना ऐकू गेलं असेल, पण कुणी आलं नाही. बाल्यानं थोडा वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग पुढच्या झाडाकडे वळला. एकेक बोंड, हळूहळू. वेचलेला मूठभर कापूस त्याने परत येऊन माझ्या ओटीत टाकला, त्याच्याकडे ओटी नसते म्हणून.

कमळ मागे उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि म्हणाली, "मला ठावं हाय, अक्का. मी पायाशीच बसले होते. मी पाहिलं होतं."

चार वर्षं. दर भाऊबीजेला तिनं मला पाट मांडला, ताट वाढलं, जाताना वाण्याकडून आणलेला गूळ पिशवीत घातला.

"मग बोलली का नाहीस गं?" मी म्हणाले.

"बोलले होते की," कमळ म्हणाली. "रानात बोलले होते." आवाजात राग नव्हता. ती खाली वाकली, वेचलेल्या कापसाच्या गाठोड्याच्या गाठी आवळल्या, आणि म्हणाली, "उठा. जरा हात लावा, डोक्यावर घ्यायचंय."

मी उठले आणि हात लावला.